दैवशालाला गाडी लागते

विमानाची खिडकी उघडत नाही, हे दैवशालाला उमरग्याच्या अलीकडं कळलं. सांगितलं कृष्णराजनं, आणि सांगायची वेळ त्यानं अशी निवडली की ती स्वतः बसच्या खिडकीतून अर्धी बाहेर होती.

"उघडतच न्हाय?" तोंड पुसत तिनं विचारलं.

"एवढ्या उंचीवर कशी उघडेल? बाहेर हवेचा दाब—"

"मग माणसं काय करत्यात?"

"ज्यांना गाडी लागत नाही ती सिनेमा बघतात."

मी कृष्णराजच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. दैवशालानं नाकाला लिंबू लावलं आणि हुमनाबादपर्यंत एक शब्द बोलली नाही.

आम्ही तिघं हैदराबादला चाललो होतो. तिथं दोन दिवस शहर बघायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं केनियाला जायचं, मध्ये एकदा विमान बदलून. केनियाच्या उत्तरेला आपल्यासारखाच कोरडा मुलूख आहे आणि लोक शेळ्या पाळतात. एका संस्थेमार्फत आम्ही तीन महिने तिथं स्वयंसेवक म्हणून राहणार होतो. कृष्णराज शेतीचा पदवीधर, म्हणून त्याच्याकडं चाऱ्याचं काम. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, म्हणून माझ्याकडं लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून जंतांची अंडी शोधायचं. माझे बाबा धाराशिवमध्ये याला 'संशोधन' म्हणतात. लेंड्यांचा उल्लेख ते करत नाहीत, आणि बिनपगारी आहे हेही.

दैवशाला जळकोटची. तिच्या घरी तीन पिढ्या शेळ्या-मेंढ्या, आणि तिनं स्वतः पशुसंवर्धनाची पदविका केलेली. लस टोचणं, औषध पाजणं, अडलेली शेळी सोडवणं ही सगळी कामं तिची. म्हणजे खरी जाणारी तीच, आम्ही दोघं सोबतीला. ती नसेल तर आम्ही केनियातल्या शेळ्यांना आपली पदवी दाखवण्यापलीकडं फारसं काही करू शकलो नसतो.

हुमनाबादला ती बोलली.

"हे बघ हर्षाली. हैदराबादेत दोन दिस हायत. तिथं एक तरी गाडी म्या शेवटपातुर न ओकता केली, तर विमानात बसंन. न्हाय जमलं तर मी परत. बंद डब्यात परक्या माणसाच्या अंगावर काय झालं तर लाजंनं मरंन मी."

"परत जायलाही बसच आहे," कृष्णराज म्हणाला.

"तिची खिडकी उघडतीय."

तिच्या आईनं, सिताबाईंनी, जळकोटच्या फाट्यावर निघताना सगळी तयारी दिली होती: लिंबं, आवळासुपारी आणि बुडाखाली घ्यायला जुना पेपर. पेपरवर बसलं की गाडी लागत नाही, हे आमच्या जिल्ह्यात सर्वमान्य आहे. माझी आईसुद्धा बसते. यामागं काय कारण असावं, हे मी एम.एस्सी.ची दोन वर्षं अधूनमधून शोधत होते. दैवशाला निष्ठेनं पेपरवर बसली होती. कृष्णराज मधूनच म्हणायचा, "जरा उठ गं, क्रिकेटचं पान तुझ्याखाली आहे."

त्याचं स्वतःचं मत असं होतं की हे सगळे मनाचे खेळ आहेत. "मनात आणलं तर माणूस काहीही थांबवू शकतो," असं तो म्हणे. माझं मत वेगळं होतं. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक अवयव असतो. तो सांगतो, आपण हलतोय; डोळे बसच्या सीटकडं बघून सांगतात, आपण बसलोय. दोन साक्षीदार दोन जबाब देतात आणि शिक्षा पोटाला होते. म्हणून मी ठरवलं, हैदराबादची प्रत्येक गाडी हा एक प्रयोग समजायचा. प्रेक्षणीय स्थळं वाटेत लागतीलच.

पहिली रिक्षा. नामपल्लीच्या लॉजवरून चारमिनारला. दैवशालाला कडेला बसवलं, समोर रस्त्याकडं बघायला सांगितलं. पण रिक्षावाले चाचा रिक्षा सरळ नेत नव्हते. ते ती गर्दीतून सुईत दोरा ओवावा तशी ओवत होते. थोड्या वेळानं त्यांनी आरशात बघितलं.

"क्या हुआ अम्मा? चक्कर आ रे क्या? नक्को अम्मा, नक्को! नवी सीट है मेरी!"

चारमिनारपर्यंतचा उरलेला रस्ता आम्ही चालत गेलो. दैवशाला समोर उभी राहिली, मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "खरंच चार हायत की." मग ती कट्ट्यावर बसली. आमच्या मोबाइलमध्ये हैदराबादचे बरेच फोटो आहेत, आणि प्रत्येकात एका ऐतिहासिक वास्तूच्या पुढं दैवशाला लिंबू हुंगत उभी आहे.

दुपारी मेट्रो. मला फार आशा होती. धक्का नाही, वळण नाही, गार हवा. पण तिसऱ्या स्टेशनवर दार उघडलं आणि दैवशाला डब्यात नव्हती. लकडी-का-पूल हा भाग आम्ही नीट पाहिला, म्हणजे फलाटावरचा एक बाक आणि त्याशेजारची कचऱ्याची टोपली.

संध्याकाळी एका इराणी हॉटेलात चहा घेत बसलो होतो. कृष्णराज उस्मानिया बिस्कीट बुडवत सांगत होता की हे बिस्कीट आणि आपला जिल्हा दोन्ही एकाच निजामाच्या नावाचे, त्यामुळं आपण इथं पाहुणे नसून भाऊबंद आहोत. दैवशाला नुसती बशीकडं बघत होती.

मी सहज विचारलं, "तू टेम्पोतून शेळ्या घेऊन बाजारला जातेस ना?"

"जाती की. बारकी होते तवापासनं."

"तेव्हा?"

"तवा काय?"

"गाडी लागत नाही?"

"टेम्पोत?" तिला प्रश्नच विचित्र वाटला. "टेम्पोत कशाला लागंल?"

मी कप खाली ठेवला. उभी असते का? कधी उभी, कधी बसून. वारा? थंडीत ताडपत्री टाकतात, तेव्हा सगळं बंद. रस्ता खराब? "बाजारचा रस्ता कवा चांगला असतुया?" म्हणजे हालणं नव्हे, हवा नव्हे. मग टेम्पोत असं काय आहे जे मेट्रोत नाही?

"शेळ्या," कृष्णराज म्हणाला.

"शेळ्यांचा वास," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या शहरात बकऱ्यांचा बाजार शोधत गेलो, चालत. एका दाढीवाल्या चाचांकडं एक काळाभोर बोकड बांधला होता. दैवशाला दोन दिवसांत पहिल्यांदा हसली आणि त्याचे दात बघायला बसली.

"कहाँ के तुम लोगां?" चाचांनी विचारलं.

"धाराशिव."

"ये किधर आया?"

"उस्मानाबाद."

"अरे! उस्मानाबादी!" त्यांनी बोकडाच्या पाठीवर थाप मारली. "इसके गाँव के हैं तुम! बैठो, बैठो!"

बोकड उस्मानाबादी जातीचा, म्हणून त्याच्या गाववाल्यांना त्यांनी चहा पाजला. आम्हाला बोकड नको, फक्त त्याच्या गळ्यातलं जुनं दावं हवंय, हे समजावायला वेळ लागला. "कायकू?" असं त्यांनी तीनदा विचारलं. दैवशालानं खरं कारण सांगितलं. मग त्यांनी दावं सोडून तिच्या हातात ठेवलं आणि आमच्याकडं सहानुभूतीनं बघितलं.

पैदाशीच्या बोकडाच्या वासाला कारणीभूत असलेल्या आम्लांची नावं मला पाठ आहेत. नाव माहीत असल्यानं वास कमी होत नाही. आम्ही शहर बसमध्ये चढलो तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. एका थांब्यात आमच्याभोवती चार सीटा रिकाम्या झाल्या. दैवशाला दावं नाकाशी धरून बसली. दुसऱ्या थांब्याला तिला झालं. शेजारच्या बाईंनाही झालं, पण त्यांना आधी कधी गाडी लागत नव्हती, असं त्या तेलुगूत आणि हातवाऱ्यांनी आम्हाला सांगत होत्या.

वासाचा सिद्धांत मी तिथंच सोडून दिला. दावंही.

"पुरं झालं," फुटपाथवर बसून दैवशाला म्हणाली. "संध्याकाळच्या गाडीनं मी जाती. तुमी दोगं जावा. तितल्या शेळ्यांचं जमंल तसं बघा."

"दैवशाला—"

"बोलले हुते न्हवं? एक तरी गाडी." तिचे डोळे भरले होते. "लई वाटत हुतं गं जावं. आमच्या घरातलं कुणी सोलापूरच्या पुढं गेलं न्हाय. आई फाट्यावर सगळ्यांला सांगत हुती, माझी लेक इमानात बसनार."

कृष्णराज बराच वेळ चप्पल फुटपाथवर घासत होता. मग म्हणाला, "निदान हुसेनसागर तरी बघून जा. बोटीतून बुद्धाच्या मूर्तीपर्यंत नेतात."

"आन् बोटीत?"

"तुला काय लागते?"

"गाडी."

"बोट म्हणजे गाडी का? आपल्या जिल्ह्यात 'बोट लागली' असं म्हणताना कधी कुणाला ऐकलंस?"

दैवशालानं विचार केला. "ते न्हाय ऐकलं."

मी तर्कातली चूक दाखवणार होते. पण दोन दिवस माझ्या अचूक तर्कानं काय झालं होतं ते आठवलं आणि मी बोटीची तिकिटं काढायला गेले.

त्या दिवशी वारा होता. काठ सुटला तशी लाँच डुलायला लागली. दैवशाला कठडा घट्ट धरून बसली, ओठ मिटून. कृष्णराज तिच्यापुढं उभा राहून मनाच्या शक्तीवर बोलत होता. "सगळं इथं असतं," तो कपाळावर बोट ठेवून म्हणाला, "एकदा ठरवलं की पोटाची हिंमत—" आणि थांबला.

"हर्षाली," तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "हे पाणी असं का हलतंय?"

त्याचा चेहरा कच्च्या कैरीसारखा झाला होता. मी काही करायच्या आत दैवशाला उठली. एका हातानं त्याची मानगूट धरली, दुसऱ्यानं हनुवटी, आणि त्याला कठड्याशी नेलं. "च् च् च्, हां... काढ भाईर. दाबू नगं. ओ दादा, सरका की, वारा येऊ द्या त्याला!" तो आटपला की तिनं त्याचं तोंड पुसलं, लिंबू नाकाशी धरलं, पाठ चोळली, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. जीभसुद्धा बघितली. तो काही बोलायला लागला की "गप" म्हणायची. बुद्ध आला, सगळ्यांनी फोटो काढले, बुद्ध गेला. दैवशालानं वळूनही बघितलं नाही.

काठाला उतरल्यावर मी विचारलं, "तुला?"

"मला काय?"

ती पाण्याकडं बघत राहिली, मग लाँचकडं, मग हातातल्या लिंबाकडं.

"आगं बया!" ती म्हणाली.

वास नव्हे, वारा नव्हे. टेम्पोत तिला शेळ्या सांभाळायच्या असतात. एखादी पडेल, चेंगरेल, दोरी आवळेल. तिचं सगळं ध्यान दुसऱ्याच्या जिवाकडं. स्वतःच्या पोटाला तिथं बोलायची परवानगी नसते. अर्थात एका निरीक्षणानं काही सिद्ध होत नाही. प्रयोग पुन्हा करून बघावा लागतो. मी आणि दैवशाला एकदमच कृष्णराजकडं वळलो.

"माझ्याकडं काय बघताय?" तो क्षीणपणे म्हणाला.

लॉजवर परतताना त्याला रिक्षात मध्ये बसवलं. तो अजून पांढरा होता. ती पूर्ण रस्ता त्याची नाडी धरून बसली आणि ठणठणीत उतरली. संध्याकाळच्या गाडीचं नाव तिनं काढलं नाही.

अडचण तिसऱ्या दिवशी आली. कृष्णराज छान झोपला, चार इडल्या खाल्ल्या आणि जाहीर केलं की काल झालं ते काठावर खाल्लेल्या भज्यांच्या तेलानं, बोटीनं नव्हे; आपल्याला असलं काही लागत नाही. विमानतळाची बस निघाली. काचा बंद, गार हवा, लांबलचक उड्डाणपूल. थोड्याच वेळात दैवशाला सारखी आवंढे गिळायला लागली. कपाळावर घाम आला.

"हर्षाली, थांबवायला सांग," ती पुटपुटली. "मी उतरती. मला न्हाय जमायचं."

बस पुलावर थांबणार नव्हती. मी कृष्णराजकडं बघितलं.

"कृष्णराज, तुला कसं वाटतंय?"

"मस्त!" तो म्हणाला. मग त्यानं तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग बराच वेळ खिडकीबाहेर. कपाळावर बोट ठेवून बोलणाऱ्या माणसाला किती खाली उतरावं लागतं, ते मी त्याच्या मानेच्या मागच्या बाजूवरून बघत होते.

"दैवशाला," शेवटी तो म्हणाला, "मला जरा... ढवळल्यासारखं होतंय."

ती ताठ झाली. "कवापासनं? मगाशी बोलाय काय झालतं? हिकडं बघ. डोळं मिटू नगं. आन् चार इडल्या कुनी खाय सांगितल्या हुत्या रे तुला?"

बोलता बोलता तिच्या तोंडावर रंग परत आला. विमानतळापर्यंत ती त्याची पाठ चोळत होती. त्याला खरंच ढवळत होतं का, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही. विचारलं तर प्रयोग बिघडेल.

विमानात तो आमच्या दोघींच्या मध्ये बसला. दैवशालानं त्याचा पट्टा स्वतः आवळला, त्याचं डोकं मागं टेकवलं आणि हनुवटीखाली हात घातला. हवाईसुंदरी वाकून काळजीनं विचारायला लागली, सरांना बरं नाही का?

"त्याला इमान लागतंय," दैवशालानं सांगितलं.

विमान अजून जागचं हललं नव्हतं. कृष्णराजनं एकदा माझ्याकडं बघितलं, डोळे मिटले आणि मनापासून कण्हला.