संदर्भासह स्पष्टीकरण

मी साहित्य घेऊन एम.ए. करते, म्हणजे घरात कसलाही कागद आला की माझ्या नावाने हाका. मावशीने डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी शिवणकामातून साठवलेले पैसे बँकेत मुदत ठेवीत ठेवले होते. ऑपरेशन ठरलं, पैसे काढायला गेलो, तर म्हणे ठेव नाहीच! मागच्या महिन्यात मुदत संपली तेव्हा त्या पैशांची विमा पॉलिसी झाली होती. सही मावशीचीच. जिला सुईत दोरा ओवता येईना, ती बारीक अक्षरं काय कपाळ वाचणार?

"लॉक-इन आहे, मॅडम," काचेच्या केबिनमधला अधिकारी म्हणाला. "पण लाँग टर्ममध्ये कॉर्पस बिल्ड होतो. मार्केट-लिंक्ड अपसाइड, प्लस रिस्क कव्हर."

माझं डोकं सटकलं. अवघड कविता मीही वाचते, पण कवी निदान माझ्या पर्समध्ये हात घालत नाही.

"शाळेत संदर्भासह स्पष्टीकरण लिहिलंय ना? मग सांगा. हे वाक्य कोण, कोणाला, केव्हा म्हणालं? आणि सोप्या भाषेत अर्थ."

तो हसला. "मीच म्हणालो, आईंना. रिन्यूअलच्या वेळी." मावशीला तो आई म्हणत होता!

"अर्थ?"

"लिक्विडिटी जरा लिमिटेड आहे."

"शून्य मार्क. पुन्हा."

"एक्झिट ऑप्शन्स..."

"पुन्हा!" मी टेबलावर हात आपटला. बाहेरच्या रांगेतली माणसं काचेतून बघायला लागली. बघू देत.

तो खाली बघत म्हणाला, "पाच वर्षं पैसे काढता येणार नाहीत."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. पाच वर्षांत तिची नजर पार गेली असती. मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. पण मावशीनेच माझा हात दाबून धरला आणि त्याला विचारलं, "तुझ्या आईचे पैसे कशात आहेत रे?"

त्याने टाय सैल केला. संगणकाकडे पाहिलं. मग काचेबाहेर.

"एफडीत."

पहिल्यांदाच त्याचं उत्तर समजावून घ्यावं लागलं नाही. मग त्याने खण उघडून एक फॉर्म काढला आणि दार लोटून घेत हळूच म्हणाला, "पॉलिसी परत करता येते. सगळे नाही, पण बहुतेक पैसे मिळतील. परत करायची मुदत उद्या संपते. इथे सही करा."

माझ्या ओठांवर चार शिव्या आल्या होत्या. पण मावशीने पेन हातात घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"मग मघापासून काय सांगत होतास, बाळा?"