न्हाणीतली पिवळी फरशी

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी फरशी आहे. तमिळनाडूतल्या आत्तंगुडी गावातल्या एका न्हाणीत, पाण्याच्या टाक्यालगत माझी जागा आहे. जागा लहान असली, तरी मानाची आहे.

आमच्या गावात फरशीचा आधी चेहरा घडतो आणि मग पाठ. काचेच्या तुकड्यावर रंगाचा ओला लगदा ओततात, त्यावर वाळू-सिमेंट थापतात, मग पाण्यात मुरवून उन्हात ठेवतात. काच सुटली की खालून आरशासारखा चेहरा निघतो. मला घडवणारा कारागीर चेल्लैया. त्याच्या फरश्या श्रीमंत चेट्टियार व्यापाऱ्यांच्या बंगल्यांत बसल्या होत्या. पाहुणे त्यांत वाकून मिशा न्याहाळत. त्या चकाकीचा चेल्लैयाला भारी गर्व होता. घरी मात्र दिव्याखाली अंधार! त्याची न्हाणी काळीकुट्ट होती. भिंतींवर शेवाळ आणि उजेडाला एक वीतभर झरोका.

पुढे त्याच्या बायकोची, रासातीची, नजर मंदावत गेली. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या अंधारात दार कुठे आणि टाकं कुठे, हे तिला कळेना. सून तमिळरसी तिला हात धरून नेऊ लागली. सून गुणाची होती. पण रासाती आतल्या आत झुरत होती.

"जन्मभर दाराला कडी लावून न्हाले हो मी," ती एकदा नवऱ्याला म्हणाली. "आता सुनेसमोर उघडी बसते. नजर गेली, पण लाज कुठे गेलीय?"

चेल्लैया तिच्याजवळ सरकून बसला. मग म्हणाला, "तुला अजून कोणता रंग दिसतो गं?"

"पिवळा. हळदीसारखा असला तर. बाकी सगळा काळोख."

त्याच आठवड्यात माझा जन्म झाला. चेल्लैयाने न्हाणी घासली, चुना फासला, एक कौल काढून तिथे काच बसवली. रंग फुटला म्हणून बाजूला पडलेल्या वेलीफुलांच्या फरश्या कारखान्याच्या मालकाने त्याला दिल्या होत्या, त्या भिंतीवर लावल्या. जमिनीवर काळ्या फरश्या आणि त्यांच्यामधून, दारापासून टाक्यापर्यंत, आम्हा पिवळ्या फरश्यांची सरळ वाट. शेवटची मी.

रासाती दारात आली आणि थबकली. "अगंबाई! इथे तर उजाडलंय की!"

ती एकटी आत आली, कडी लावली आणि मनसोक्त न्हाली. मला तेव्हा फार धन्य वाटलं.

मग पोंगल आला. आमच्या गावात सणासुदीला फरशी खोबरेल तेलाने पुसतात, त्याने तिचा चेहरा खुलतो. चेल्लैयाने मोठ्या मायेने आम्हालाही पुसलं. त्याचा जन्म फरश्यांत गेला होता. पण त्या कोरड्या दिवाणखान्यांतल्या. न्हाणीचा विचार त्याच्या मनातच आला नाही. सकाळी रासातीचा पाय माझ्यावरून सटकला आणि तिचं मनगट मोडलं. मित्रांनो, आपल्या चकाकीची मला त्या दिवशी पहिल्यांदा किळस आली.

प्लास्टर निघालं, तरी रासाती न्हाणीत एकटी जाईना. तमिळरसी सासऱ्याला म्हणाली, "मामा, राग मानू नका, पण या फरश्या उखडून साधं सिमेंट करा."

"मग तिला वाट कशी दिसणार?"

"मी आहे ना हात धरायला."

हे ऐकून रासातीने तोंड फिरवलं. चेल्लैया उठला, एक खरबरीत दगड घेऊन आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. तो पाणी शिंपडून घासू लागला. खरड् खरड् आवाज ऐकून रासाती भिंत चाचपत दाराशी आली.

"अहो, काय चालवलंय हे? ज्या चकाकीपायी जन्म घालवलात, ती घासून काढताय? लोक काय म्हणतील!"

"म्हणतील, म्हाताऱ्याला चळ लागला. तुला कुठे चकाकी दिसतेय? रंग दिसतो ना? तो काही जात नाही."

तीन दिवस तो घासत होता. त्याच्या बोटांची सालटी निघाली. मला झोंबत होतं. पण मी मनात म्हणत होते, घास बाबा, अजून घास.

चौथ्या दिवशी रासातीने दारातल्या पिवळ्या फरशीवर अंगठा टेकवला, मग टाच. तमिळरसी हात द्यायला पुढे झाली.

"राहू दे गं पोरी," रासाती म्हणाली. "ही फरशी पाय धरतेय."

एकेक पाऊल टाकत ती माझ्यापर्यंत आली. टाक्याला हात लागल्यावर हसली. मग तीच वाट धरून पुन्हा दारापर्यंत गेली, नवऱ्याला आणि सुनेला बाहेर काढलं आणि आतून कडी घातली.

मित्रांनो, आपलं घर हौसेने सजवा. न्हाणीही सजवा, तिला कोपऱ्यातली म्हणून टाकू नका. फक्त सजवण्याआधी घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला आत न्या आणि विचारा, तुला इथे एकट्याने येता येईल का?