पडद्यामागचा बेस

दर गुरुवारी दुपारी आम्ही चार बेसवाले, म्हणजे बेस गिटार वाजवणारे, गिटार दुरुस्तीच्या दुकानात भांडायला जमतो. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. भिंतीवर टांगलेल्या गिटारी, सोल्डरचा वास, तीन स्टुलं आणि बसायला एक आडवा पाडलेला स्पीकर. विषय एकच, जुने रॉक बँड. खरा मोठा कोण आणि उगाच डोक्यावर चढवलेला कोण. आमच्यात बँडचं नाव घेत नाहीत, बेसवाल्यावरून ओळखायचं. पाठमोऱ्याचा बँड. टोपीवाल्याचा बँड. आणि खांबाचा, म्हणजे जो आयुष्यभर स्टेजवर एका जागेवरून हलला नाही तो. गाणाऱ्यांना बाहेर काय भाव असेल तो असो, आमच्या दुकानात त्यांना कुणी विचारत नाही.

त्या गुरुवारी काडी टाकली मास्तरने. मास्तर शाळेत संगीत शिकवतो. हात सोन्याचा, पण जीभ आवरत नाही.

"टोपीवाला गेला, तरी बँड चाललाच ना?" तो म्हणाला. "नवा पोरगा तेच वाजवतो, लोक तितकेच रडतात. मागे उरतो तो सूर. माणूस कुठलाही बसवा."

"मग पोस्टरवर अजून टोपी कशाला छापतात?" मी म्हणाले. "नव्या पोराचं थोबाड छापा की."

"टोपी बघायला, सूर ऐकायला."

आमच्यातला टॅक्सीवाला फिदीफिदी हसला. माझं टाळकं सणकलं. माणूस बदलला की तो बँड राहत नाही, नकलांचा कार्यक्रम होतो, असं मी चांगलं ठणकावून सांगितलं. मास्तर एरवी चार शब्दांना चाळीस देतो. त्या दिवशी केबल गुंडाळत बसला. मला वाटलं, जिरली याची.

मला एवढं लागायचं कारण म्हणजे बाबा. माझे बाबाही बेसवाले. त्यांच्या बँडची तीन गाणी अजून रेडिओवर लागतात. इतक्या वर्षांनी सगळे म्हातारे शनिवारी एकदाच पुन्हा वाजवणार होते. बाबांचा उजवा हात थरथरतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुढच्या वर्षी बोटं साथ देतील असं समजू नका. तेव्हापासून बाबा रोज सकाळी दार लावून तारांवर बोटं घासत होते. शेवटचं एकदा स्वतःच्या हातांनी वाजवायचं, बास. दुसरं काही त्यांना नको होतं.

बाबांची एक खोड आहे. ते ठोक्याच्या किंचित मागे वाजवतात. हात बिघडल्यापासून नव्हे, पहिल्यापासून. आधी ठोका पडतो, मग बाबा येतात, जेवण झाल्यावर आरामखुर्चीत टेकावं तसे. मी जन्मल्यापासून ते ऐकत आलेय. झोपेतून उठवलंत तरी ओळखेन.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये आवाजाची तपासणी होती. स्टेजवर उभं राहून बेसचं खरं काही कळत नाही. आम्ही बेसवाले लांब केबल घेऊन हॉलच्या टोकापर्यंत चालत जातो आणि तिथून ऐकतो. बाबांना पायऱ्या उतरवेनात, म्हणून त्यांनी मला पाठवलं. मी खुर्च्यांमधून मागे गेले. गाणं सुरू झालं. बेस स्वच्छ होता, भरदार होता. एक सूर इकडे नाही की तिकडे नाही.

आणि नेमका ठोक्यावर होता.

क्षणभर वाटलं, बाबांना आज ठोका गवसला. पण बाबा कधीच ठोक्यावर येत नाहीत. मी तशीच चालत स्टेजपाशी आले. बाबांच्या पायाशी त्यांचा छोटा अँप होता, स्वतःचं वाजवणं ऐकण्यापुरता. त्यातून बाबा ऐकू येत होते, मागे पडणारे, मधूनच अडखळणारे. हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून वाजत होता तो कुणी दुसराच. स्टेजला वळसा घालून मी काळा पडदा सारला. आत खुर्चीवर मास्तर, मांडीवर बेस, कानाला हेडफोन.

गाणं संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. त्याने वर पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"मला गायककाकांनी बोलावलं," तो म्हणाला. "वाटलं, तुला माहीत असेल."

"मग परवा दुकानात का नाही बोललास?"

"बोललोच की. मला खरंच तसं वाटतं."

"एवढं वाटतं तर बाहेर येऊन वाजव. लपतोस कशाला मेल्या?"

आवाज ऐकून गायककाका आले. बाबांचे जुने दोस्त, मी यांच्या खांद्यावर बसून मोठी झालेय. माझा दंड धरून त्यांनी मला बाजूला घेतलं.

"अगं, हळू बोल. त्याला त्याच्या अँपमधून त्याचंच ऐकू येतंय. लोकांना चांगलं ऐकू येईल. तो खूश, लोक खूश. यात कुणाचं काय वाकडं झालं?"

"बाबांना विचारलंत?"

"विचारलं असतं तर तो आला असता का? आणि आता तू सांगितलंस तर तो उठून घरी जाईल. त्याची शेवटची संध्याकाळ तुझ्यामुळे वाया जाईल. बघ बुवा."

केलं यांनी आणि पाप माझ्या माथी. तळपायाची आग मस्तकात गेली. हातात काही असतं तर फेकून मारलं असतं, काका वगैरे काही बघितलं नसतं.

आतल्या खोलीत बाबा कोमट पाण्याच्या भांड्यात हात बुडवून बसले होते. बोटं मोकळी होतात म्हणे. मी दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं.

"तुला कुणी सांगितलं होतं मागे जाऊन ऐकायला?" ते माझ्यावरच उखडले.

"तुम्हीच."

त्यांनी पाण्यातून हात बाहेर काढला आणि टॉवेलने एकेक बोट पुसत बसले. "वाजवतो कसा?"

"उत्तम."

"आयुष्यभर या गाणाऱ्याच्या बेसूर गळ्याखाली मी गाद्या घातल्या," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढत गेला. "एकदा तरी याला म्हटलं का, की तू नुसतं तोंड हलव, दुसरा कुणी गाईल?"

"चला, घरी जाऊ."

"घरी जायला घासली का बोटं? तू त्या साउंडवाल्याच्या शेजारी जाऊन उभी राहा. बाकी मी बघतो."

संध्याकाळी हॉल भरला. पहिलं गाणं सरळ गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर बाबांनी तारांवरून दोन्ही हात उचलले आणि वर धरले. बेस चालूच राहिला. पडद्यामागे मास्तरला काही दिसत नव्हतं, तो जीव ओतून वाजवत होता. आणि लोकांना काय वाटावं? म्हातारा टाळ्या मागतोय. अख्खा हॉल टाळ्यांचा ठेका धरू लागला. बाबा हात वर करून उभे, आणि लोक मजेत.

"पडद्यामागच्या बेसची पट्टी खाली घे, आवाज बंद कर," मी साउंडवाल्याला म्हणाले.

"काकांनी सांगितलंय, हात लावायचा नाही."

"तू घेतोस की मी घेऊ?"

त्याने मिक्सरवरून हात काढले आणि दुसरीकडे बघायला लागला. मी मास्तरची पट्टी खाली ओढली, बाबांची वर सारली. गाण्याखालची जमीनच गेली. ड्रम, गिटार, गळा, सगळं नुसतं वरच्या वर लोंबायला लागलं. टाळ्या विस्कटल्या. गायककाका गाता गाता मागे वळले. बाबांचे हात अजून वरच होते. त्यांनी काकांना ते नीट बघू दिले.

मग त्यांनी हात खाली घेतले आणि वाजवायला लागले. धडपडत, थरथरत, एक सूर लागला तर दुसरा निसटत. काकांची पुढची ओळ चुकली. ड्रमवाल्या काकांनी मान खाली घातली आणि ठोका हळू केला, बाबांना गाठता येईल इतका. पडद्याआडून मास्तर गळ्यात बेस अडकवून बाहेर आला आणि कडेला उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. अजूनही बघत नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाबा सरळ गाडीत येऊन बसले. वाटेत म्हणाले, "किती चुकलो?"

"भरपूर."

"खरं सांग."

"दुसऱ्या गाण्याचा शेवट पार गेला. तिसऱ्यात एकदा भलत्याच सुरात शिरलात आणि तिथेच बसलात."

"ऐकू आलं सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले.