माझ्या काठावरची नावं

ज्या वर्षी चन्नम्माच्या थोरल्या लेकीचं, गंगव्वाचं, लग्न झालं आणि ती गारगोटीला नांदायला आली, ते साल १९६१. तिच्या आंदणात मीही आलो.

मित्रांनो, मी पितळेचं एक जुनं तस्त आहे. कोल्हापूरच्या तांबटानं मला ठोकून घडवलं ते जेवल्यावर हात धुण्यासाठी. पण ज्या घरी मी गेलो, तिथल्या बायकांचा घोळणा फुटायचा. नाकातून रक्ताची धार लागली की "तस्त आणा गं!" अशी हाक यायची. कांदा फोडून हुंगवायचा, टाळूवर गार पाणी थापायचं आणि खाली मला धरायचं. लोक म्हणत, अंगात उष्णता आहे. मी तीन पिढ्यांचं रक्त झेललं आहे. आजीपासून नातीपर्यंत पुरणारी उष्णता कुठं असते काय? पण भांड्याला कोण विचारतो!

आमच्याकडे लेकीला दिलेल्या भांड्यावर नाव घालतात. निलव्वानं आपल्या लेकीला, चन्नम्माला, मला दिलं तेव्हा काठावर दोघींची नावं कोरली. चन्नम्मानं गंगव्वाला दिलं तेव्हा तिसरं नाव आलं. अक्षरं माझ्याच अंगावर होती, पण ती मला वाचता येत नव्हती. छिन्नीचे घाव तेवढे आठवत होते.

१९७३ साली गंगव्वाला पाण्याची घागर उचलताना धाप लागू लागली. नखं निळसर दिसू लागली. छातीचा फोटो काढला, त्यात डाग निघाला. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, क्षय आहे. सुया सुरू झाल्या. तिचं ताट, तिची वाटी आणि मी, अशी आमची रवानगी गोठ्यात झाली. तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला, महादेवीला, आईजवळ जायची बंदी झाली. त्या पोरीचाही घोळणा फुटायचा, पण आता तिच्याखाली मला धरायला कुणी आणत नव्हतं. ती परसात जाऊन मातीत रक्त सांडायची आणि वर पायानं माती लोटायची.

सुयांनी काही फरक पडला नाही. एक दिवस गंगव्वानं ते मातीतलं रक्त पाहिलं. त्याच सकाळी तिनं मला काखेत मारलं, लेकीचा हात धरला आणि कोल्हापूरची एस.टी. गाठली.

"मामी, तस्त घिऊन कुठं? पंगतीला निघालाय काय?" कंडक्टर हसला.

"व्हय की. रगात पडतंय माझं, तुला वाढू?"

कंडक्टरनं गुपचूप पुढची जागा रिकामी करून दिली.

कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात जुलेखा मुजावर नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी गंगव्वाचे ओठ उजेडाकडे धरून पाहिले. ओठांवर, जिभेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. मग पाठीला नळी लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"गंगव्वा, तुझ्या थुंकीत तीनदा बघितलं, क्षयाचे जंतू न्हाईत. तुझ्या फुप्फुसात रक्तवाहिन्यांचा गुंता झालाय. रक्त हवा न घेताच तिथनं परत फिरतंय, म्हणून धाप. नाकातल्या वाहिन्या पण तसल्याच नाजूक. हे आईबापाकडनं लेकराकडं येतंय. घरात आणि कुणाला हाय?"

इथंच खरी लढाई सुरू झाली. कारण डॉक्टरीणबाई या आजाराची माणसं शोधून लिहून ठेवत होत्या. पिढी दाखवता आली, तरच त्यांचे वरिष्ठ महादेवीचा फोटो काढायला आणि पुढचा इलाज करायला परवानगी देणार होते. गंगव्वानं आपल्या आईचा आणि लेकीचा घोळणा सांगितला, पण नुसतं तोंडी सांगणं त्यांना चालत नव्हतं.

गंगव्वाचा नवरा ईरप्पा मागोमाग आला होता. तो म्हणाला, "आमच्यात कुणाला न्हाय. पायजे तर हेळव्याला इचारा."

हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा माणूस. तो दरसाल बैलावर बसून येतो आणि चोपडीतून पूर्वजांची नावं वाचून दाखवतो. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही घरांच्या हेळव्यांना बोलावलं. त्यांनी सात पिढ्या वाचल्या. सगळे पुरुष. घोळण्याचा एकही नाही.

"आणि लेकी?" बाईंनी विचारलं.

"लेकी चोपडीत नसत्यात बाई. त्या दुसऱ्याच्या घरच्या."

वरिष्ठ डॉक्टर हसले. "खानदानी आजार म्हणता आणि खानदानच सापडेना!"

तेव्हा गंगव्वानं मला उचललं आणि त्यांच्या टेबलावर असं आपटलं, की दौत उलटली.

"ही घ्या माझी चोपडी. वाचा."

बाईंनी माझा काठ फिरवत मोठ्यानं वाचलं. "निलव्वाकडून चन्नम्मास. चन्नम्माकडून गंगव्वास." माझ्या अंगावर काय लिहिलं आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

"भांड्यावरची नावं म्हणजे पुरावा होतो काय?" वरिष्ठ म्हणाले.

"नावावरनं माणूस सापडतंय साहेब," बाई म्हणाल्या. "मग माणूसच पुरावा."

ती नावं घेऊन डॉक्टरीणबाई गावोगाव फिरल्या. निलव्वाच्या लेकी, त्यांच्या लेकी, त्यांची मुलं, असे एकतीस जण सापडले. बारा जणांच्या ओठांवर तेच ठिपके होते. त्यांतले पाच तर पुरुषच होते, पण त्यांचा आजार आईकडून आलेला, म्हणून त्यांचं नातं कुणी एकमेकांशी जोडलंच नव्हतं.

इकडे गारगोटीत सासूला घोर लागला. "पोरीच्या लग्नात कुणी इचारलं तर? ती नावं कानशीनं घासून टाका, न्हायतर तस्त मोडीत घाला." ईरप्पानं खरंच कानस आणली. निलव्वाच्या नावाचं पहिलं अक्षर त्यानं घासलंही. आजही तिथं बोट फिरवलंत तर खड्डा लागेल.

गंगव्वा धापा टाकत आली आणि माझ्यावर हात पालथा ठेवून बसली.

"घासा. आधी माझा हात घासा. नाव गेलं म्हंजे पोरीचं रगात थांबंल व्हय?"

ईरप्पा कानस धरून उभा राहिला. मग त्यानं ती खाली ठेवली.

महादेवीच्या छातीचा फोटो निघाला. उजव्या फुप्फुसात एक गुंता होता, एकच. १९७५ साली मुंबईला नेऊन तेवढा तुकडा काढला. गंगव्वाचे गुंते मात्र दोन्हीकडे पसरले होते. तिच्यावर शस्त्रक्रिया होण्यासारखी नव्हती. ती घरी परतली, आणि तिचं ताट चुलीपाशी परत आलं. ते तिनं स्वतःच आणलं, कुणाला न विचारता.

१९८२ साली महादेवीचं लग्न झालं. वर पाहायला आला तेव्हा तिनं मला पुढ्यात ठेवलं, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आता चहा घ्यायचा तर घ्या." त्यानं घेतला. माझ्या काठावर चौथं नाव कोरलं गेलं.

मित्रांनो, मला चिंचेनं लख्ख घासा, पण नावांवर कानस चालवू नका. तुमच्या घरात जुनी भांडी असतील तर ती मोडीत घालण्याआधी काठ वाचा. आजीला तिच्या आजीचं नाव विचारा आणि तिला काय होत होतं तेही विचारा. लाजू नका. रक्ताला लाज नसते, आणि ते आईचं आडनाव बघून थांबत नाही.

चन्नम्मा १९७६ साली वारली. गंगव्वा १९७९ साली, दिवाळीच्या चार दिवस आधी, महादेवीच्या मांडीवर वारली. फुप्फुसातल्या गुंत्यानं. क्षयानं नव्हे.