मयताच्या पालखीशेजारचा रांजण

घरी दारू करायला तेव्हा बंदी होती. भात खायलाच पुरत नाही, त्याची दारू कसली करता, असं सरकारचं म्हणणं. तरी आमच्या गामगोल गावात कुणाच्या पेंढ्यात, कुणाच्या डुकरांच्या खोपटात रांजण पुरलेला असायचाच. इन्स्पेक्टर लोखंडी सळ्या घेऊन यायचे आणि पेंढा भोसकत फिरायचे.

माझ्या सासूबाईंच्या हातची माक्कोली, म्हणजे भाताची दारू, गावात नावाजलेली. त्या माहेरच्या दोल्गोलच्या, म्हणून सगळे त्यांना दोल्गोलवाली म्हणत. वर्षाच्या पहिल्या महिन्यात गावदेवाच्या झाडाखाली पूजा व्हायची, तेव्हा झाडाच्या मुळाशी ओतायची ती त्यांच्याच रांजणातली. ही रीत त्यांच्या सासूपासून, तिच्या सासूपासून चालत आलेली.

माझा नवरा इनबे अरबस्तानात रस्ते बांधायला गेला होता. तो पत्र लिहायचा नाही, कॅसेट भरून पाठवायचा. शेवटच्या कॅसेटमध्ये म्हणाला, "आई, इथं दारूचा वाससुद्धा नाही गं. कापणी झाली की येतोच. रांजण लावून ठेव." पुढं माझ्यासाठी काहीतरी होतं, पण मागं कुणीतरी मोठ्यानं हसत होतं, त्यात ते ऐकू आलं नाही. मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं.

सासूबाईंनी नवा तांदूळ वाफवला, चटईवर पसरून गार केला आणि नुरुकची वडी फोडून त्यात कालवली. नुरुक म्हणजे ओला गव्हाचा भरडा फडक्यात बांधून टाचेनं तुडवायचा आणि बुरशी धरेपर्यंत वाळवायचा. भात आंबतो तो त्याच्यामुळं. रांजण बुडबुडायला लागला तेवढ्यात शेजारची उन्ने वहिनी धावत आली.

"दोल्गोलवाली, सळीवाले पलीकडच्या गावात आलेत! उद्या इथंच!"

"येऊ देत. आमच्या पेंढ्यात उंदीर आहेत, तेवढे मारून जातील."

"थट्टा कसली करताय? वास रस्त्यापर्यंत येतोय!"

सासूबाईंनी रांजणाचं तोंड फडक्यानं बांधलं. मग म्हणाल्या, "पालखीच्या खोपीत ठेवू."

गावाच्या टोकाला मयताची पालखी ठेवायची मातीची खोपी होती. तिकडं पोरं फिरकत नसत आणि इन्स्पेक्टरही लांबूनच वळत. उन्ने वहिनीनं तोंडावर हात ठेवला. "अहो, येणाऱ्या लेकासाठी लावलेला रांजण तिथं? अशुभ नाही का?"

"अशुभ बघू की दारू वाचवू?" सासूबाई म्हणाल्या. "धर गं पोरी, त्या बाजूनं."

आम्ही तिघींनी रांजण हातगाडीवर घालून नेला. वर धान्याची पोती टाकली होती. इन्स्पेक्टर आले, पेंढा भोसकला, मुळ्याच्या किमचीच्या रांजणात नाक घातलं आणि शिंकत गेले. त्या दिवशी आम्ही खूप हसलो. माझ्या आठवणीतलं ते शेवटचं हसू.

इनबे यायला थोडेच दिवस राहिले होते, तेव्हा कंपनीचा माणूस आला. काळे बूट अंगणातच काढून उभा राहिला. परांचीवरून पडला, म्हणाला. जागच्या जागी. मी म्हटलं, "बसा, पर्सिमॉन खा." का म्हटलं ते मला ठाऊक नाही. फळं नुकती उतरवली होती. मी एक सोलायला घेतलं, आणि तोही बिचारा बसला.

शवपेटी विमानानं आली, मग ट्रकनं. बाहेर मेलेल्याला घरात घेत नाहीत, म्हणून वडीलधाऱ्यांनी अंगणाबाहेर मांडव घातला. सासूबाई म्हणाल्या, "त्याचं घर आहे. आत आणा." कुणी ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

मला सुतकाचे तागाचे कपडे घातले. येणाऱ्यांसमोर बायकोनं मोठ्यानं रडायचं असतं. माझ्या तोंडून आवाजच निघेना. पाय बधिर होतो ना, आपलाच असून आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले होते. मागं बायका कुजबुजल्या, "हिला काहीच कसं वाटत नाही?" उन्ने वहिनीनं माझ्या जागी गळा काढला. चांगला रडली ती.

खांदेकऱ्यांचे म्होरके चोलगू आजोबा माणसं घेऊन पालखी आणायला गेले. थोड्या वेळानं एकटेच परत आले आणि सासूबाईंसमोर टोपी काढून उभे राहिले.

"दोल्गोलवाली, तिथं एक रांजण आहे."

"आहे."

"त्याचाच का?"

"त्याच्यासाठीचा. आणा. खांदेकऱ्यांना पाजा."

"तुमची हरकत नसेल तरच. आम्ही पाण्यावर चढू डोंगर."

"माझ्या लेकाला तहानलेल्यांनी उचलायचं का?"

आजोबा खाली बघत म्हणाले, "नाही बाई."

पालखी आणि रांजण बरोबरच आले. माक्कोली जास्त दिवस राहून जरा आंबट झाली होती. मी बांबूच्या चाळणीतून गाळली आणि वाडग्यांतून वाढली. माझे हात बरोबर काम करत होते, एक थेंब सांडला नाही. पहिला वाडगा शवपेटीपुढं ओतला. मग माणसं प्याली. कुणी चवीबद्दल बोललं नाही. आजोबांनी घंटा वाजवली, हाळी दिली, आणि पालखी डोंगराकडं निघाली. लेकाच्या मातीला आईनं जायचं नसतं. सासूबाई फाटकात उभ्या राहिल्या. मी मागं चालत गेले. वाटेत कापलेली शेतं होती, त्यांत पक्षी दाणे टिपत होते. मी तेच बघत होते.

सुतकी घराची दारू देवाला चालत नाही. त्या वर्षी पूजेची माक्कोली उन्ने वहिनीनं केली. पातळ झाली होती म्हणे.

सासूबाईंनी त्यानंतर काही केलं नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. वाढलं तर जेवायच्या. मीही तशीच. दोघी एका घरात होतो, पण बोलायला काही नव्हतं.

भर उन्हाळ्यात, नुरुक करायच्या दिवसांत, एका दुपारी मी गहू भरडला. कुणी सांगितलं नव्हतं. भरडा भिजवला, साच्यात दाबला, फडकं गुंडाळलं आणि वर उभी राहिले. पायाखाली ते गार लागत होतं. बराच वेळ तुडवत होते.

दारातून आवाज आला. "चवड्यानं काय कुरवाळतेस त्याला? टाच लाव."

मी टाच लावली.

"अजून. कडा सैल राहिल्या तर आतून सडेल."

त्या भिंतीला धरून आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या साच्यावर चढल्या. वजन उरलंच नव्हतं त्यांच्यात. तरी तुडवत राहिल्या. इनबेचं नाव आम्ही दोघींनीही काढलं नाही.

कापणीनंतर मी रांजण लावला. सुतक फिटलं होतं, तेव्हा पहिल्या महिन्यात तीच माक्कोली झाडाखाली गेली. चोलगू आजोबांनी वाडगा रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आली! दोल्गोलवालीच्या हातची परत आली."

"माझी नाही," सासूबाई म्हणाल्या. "सुनेची आहे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खाली वाकून उष्टे वाडगे गोळा केले आणि विसळायला झऱ्यावर घेऊन गेले. पाणी बर्फासारखं होतं. बोटं दुखायला लागली, तरी मी सगळे विसळले.