थांबवायची कळ

मित्रांनो, मी एक जुना फिल्म प्रोजेक्टर आहे. सिनेमागृहातला धिप्पाड नव्हे. टेबलावर मावणारा, घरातल्या भिंतीवर चित्रं दाखवणारा. उमेदीची वर्षं मी एका डॉक्टरांच्या घरी काढली. वाढदिवस, सहली, कुणाचं पहिलं पाऊल, सारं मी दाखवलं. "परत लावा ना," असा मुलांचा हट्ट असायचा. मग नवी यंत्रं आली आणि मी माळ्यावर गेलो. तिथून जुन्या सामानाच्या दुकानात.

तिथे माझ्या बाबतीत एक वाईट गोष्ट घडली. माझ्या दिव्यापुढे बारीक जाळीची एक झडप होती. माझा दिवा फार तापतो. फिल्म सरकत असते तोवर तिला त्याची धग बाधत नाही. पण थांबवायची कळ दाबली की ही झडप मध्ये यायची आणि थांबलेल्या चित्राला वाचवायची. दुकानदाराने ती काढून दुसऱ्याच यंत्राला बसवली, मला पुसलं आणि दारात मांडून ठेवलं.

मला घरी नेलं ते एका बाईंनी. त्या दातांच्या कवळ्या बनवायच्या. घरात त्या आणि त्यांची म्हातारी आई, दोघीच. मामा वारल्यावर मामींनी त्यांच्या ट्रंकेतलं एक रीळ बाईंकडे धाडलं होतं. त्यात बाईंचा धाकटा भाऊ होता, लहानपणीच तापाने गेलेला. त्याचा एकही फोटो घरात नव्हता. "त्याचा चेहराच आठवेनासा झालाय गं," असं आई जेवता जेवता बोलून गेल्या होत्या, म्हणून ही सगळी धडपड.

हे कानावर पडलं आणि मला माझी काढून नेलेली झडप आठवली.

सुरुवातीला मी चाललोच नाही. माझा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. बाईंनी तो कापूस आणि स्पिरिटने खरवडून काढला आणि नवा बसवला. मग चित्र उड्या मारू लागलं. फिल्मच्या भोकांत अडकून तिला पुढे ओढणारी माझी नखी मळाने जखडली होती. दात तपासायचा छोटा आरसा माझ्या पोटात घालून बाईंनी ती शोधली, कोरून साफ केली. माझ्यासोबत आलेली एक टाकाऊ फिल्म त्यांनी पुढे चालवली, मागे चालवली, कान देऊन आवाज ऐकला. थांबवायच्या कळीला मात्र त्या शिवल्या नाहीत. मी जिवाच्या आकांताने सांगत होतो, ती कळ आत्ता दाबा, ही फिल्म जळू दे, म्हणजे तुम्हाला कळेल. पण यंत्राचं सांगणं म्हणजे नुसती खरखर. बाईंनी थेंबभर तेल सोडलं आणि तीही बंद झाली.

रविवारी दुपारी पडदे ओढले गेले. आई खुर्ची भिंतीजवळ सरकवून बसल्या. खरं रीळ माझ्यावर चढलं. मी चालू लागलो. अंगण आलं. दोरीवरचे कपडे आले. आणि त्या कपड्यांमागून, घसरती चड्डी एका हाताने धरून, तो धावत आला. आईंनी पदर तोंडाशी नेला. आता 'थांबव' म्हणतील, आता म्हणतील, असं मला क्षणोक्षणी वाटत होतं. तो वळला आणि थेट आमच्याकडे बघून हसला.

"थांबव गं," आई म्हणाल्या. "डोळे भरून बघू दे मला."

बाईंनी कळ दाबली.

तो चेहरा भिंतीवर स्थिर झाला. आई पुढे झुकल्या. तेवढ्यात त्याच्या गालावर तपकिरी डाग उमटला. डाग पसरला, त्याला फोड आले आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा उजेड उरला. खोलीत जळका वास भरला. बाईंनी धावत जाऊन वायरच उपटली.

अंधारात बाई म्हणाल्या, "आई, मी जाळलं गं त्याला."

आईंनी चाचपडत खिडकीचा पडदा सारला. त्या काय म्हणतील, याची इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"असाच होता तो," त्या म्हणाल्या. "थांब म्हटलं की हातातून निसटायचा." त्यांनी डोळे पुसले. "बाकीचा आहे ना अजून? मग रडतेस काय."

बाईंनी जळलेला तुकडा कापून फिल्म जोडली. पुन्हा आरसा आत घातला, तेव्हा त्यांना रिकामी खाच आणि स्क्रूची दोन भोकं दिसली. कवळी मजबूत व्हावी म्हणून तिच्यात घालतात ती धातूची जाळी त्यांनी कापून तिथे बसवली. या वेळी टाकाऊ फिल्म थांबवून त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. ती जळली नाही.

आता तो हसतो तेव्हा चित्र किंचित उडी मारतं. पुढच्या रविवारी बाईंनी विचारलं, "थांबवू का? आता काही होणार नाही."

"नको," आई म्हणाल्या. "धावू दे त्याला."

तरी मित्रांनो, त्या कळीजवळ हात आला की मी आजही शहारतो. तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र आलं, तर ते चालतंय एवढ्यावर समाधान मानू नका. थांबवल्यावर ते काय करतं, तेही आधी टाकाऊ गोष्टीवर बघा. आमच्यातलं काय काढून नेलंय, हे आम्हाला सांगता येत नाही हो.