साहेबांचं उष्टं

निशिकांतच्या जपानी साहेबांनी त्याला आणि त्याच्या बायकोला, नंदाला, सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या आपल्या फ्लॅटवर चहाला बोलावलं होतं. मातीचा एकच वाडगा, त्यात शेणकाल्यासारखा दाट, हिरवा चहा. साहेबांनी घोट घेतला, कड पुसली आणि वाडगा निशिकांतला दिला. सगळ्यांनी एकातूनच प्यायचं, अशी त्यांची रीत.

शी! नंदाला ते उष्टं बघवेना. पण खरी किळस आली ती नवऱ्याची. घरी तिने तोंड लावलेल्या पेल्यातलं पाणी 'उष्टं' म्हणून बेसिनमध्ये ओतणारा हा सोवळा माणूस साहेबांचं उष्टं मिटक्या मारत पीत होता!

तिची पाळी आली. तिने डोळे मिटून घोट घेतला आणि कड न पुसताच वाडगा नवऱ्यापुढे धरला.

"घ्या, आता बायकोचं उष्टं संपवा."

साहेब कौतुकाने बघत होते. निशिकांतने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून शेवटचा थेंब गिळला.